बाईंना विचारल्याशिवाय हात लावू नये

ती. वन्सं यांना,

सादर नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही पत्र फोडलंत, याबद्दल आधी आभार मानते. (फोडलं नसेल, तर आभार मागे घेते. ते तुम्हाला कळायचा प्रश्नच नाही.) गुडघे कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं तुमच्या समोर राहणाऱ्या शिंपीणबाईंकडून कळलं. कळलं म्हणजे मी फोन करून विचारलं. थेंब वेळेवर घाला, आणि घालताना डोळा उघडा ठेवा. तुमच्या घराण्यात कुणालाच ते जमत नाही. तुमच्या भावाच्या डोळ्यांत थेंब घालायचे म्हणजे मला त्याच्या छातीवर गुडघा रोवावा लागे. माझी प्रकृती उत्तम आहे, असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

चौदा महिने झाले, तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही उचललात, माझा आवाज ऐकलात आणि म्हणालात, "राँग नंबर आहे गं." वन्सं, राँग नंबरवाल्याला 'गं' म्हणत नाहीत. तुम्ही का बोलत नाही हे आपल्या दोघींना माहीत आहे, तरी एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे आडून बोलल्यासारखं होणार नाही. तुमच्या भावाला मंगळवारी सकाळी नऊला दवाखान्यात दाखल केलं आणि मी तुम्हाला फोन केला बुधवारी दुपारी चारला. मध्ये एकतीस तास गेले. तुमच्या घरापासून इथवर बसनं सात तास लागतात. तुम्ही गुरुवारी सकाळी पोचलात तेव्हा तुम्हाला भेटण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, "तुला मंगळवारी सकाळीच माहीत होतं?" मी "हो" म्हणाले. तुम्ही चहाचा कप तसाच खाली ठेवलात आणि दुपारच्या बसनं परत गेलात. त्याचा खुलासा मी आज करत बसणार नाही. (करायचा म्हटला तर माझ्याकडे आहे. डॉक्टर "रिपोर्ट येईपर्यंत काही सांगता येत नाही" म्हणत होते, आणि अर्धवट काहीतरी सांगून तुम्हाला सात तास बसमध्ये रडत बसवायचं, हे मला बरोबर वाटलं नाही. पण मी म्हटलं ना, खुलासा करणार नाही.)

हे पत्र निव्वळ कामाचं आहे. ते तुमच्या जिन्याखालच्या खोलीतल्या पेटीबद्दल आहे.

तीच पेटी, जी तुमच्या भावानं सव्वीस वर्षांपूर्वी तुमची फरशी फोडून, सिमेंट ओतून बसवली. जमीन हलली की ती आमच्या केंद्राला कळवते, केंद्र गावोगावचे भोंगे वाजवतं. तुम्ही तिच्यावर फुलाफुलांचं कापड घालून रिकाम्या बरण्या मांडता. (बरण्या मांडू नका, असं सव्वीस वर्षं सांगतो आहोत. मांजर बरणीवरून उडी मारतं आणि आमच्या पडद्यावर भूकंप दिसतो.) त्या पेटीसाठी केंद्रानं तुम्हाला तीन पत्रं लिहिली, मग जीपमधून एक माणूस पाठवला. तुम्ही म्हणे त्याला खिडकीतूनच सांगितलंत, "ज्यानं ठेवली तो आला की उघडीन." तो बिचारा नवा होता. परत जाऊन त्यानं अहवालात लिहिलं की घरमालकीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे साहेब लवकरच यायचे आहेत. तो अहवाल मी वाचला. पुढचा परिच्छेद वाचायला मला जरा वेळ लागला.

आता मी या सगळ्यात कशी अडकले, ते सांगते. मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत केंद्रानं माझी आठवण एकदाच काढली होती, कपाटाची किल्ली सापडत नव्हती तेव्हा. गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी दारात गाडी उभी. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, प्रमुखांनी मानानं घेऊन यायला सांगितलंय." मानानं! वन्सं, तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, सत्कार. मी ठेवणीतले कपडे काढले, मोत्यांच्या कुड्या घातल्या, आणि गाडीत बसल्या बसल्या चार वाक्यांचं भाषण तयार केलं. चारही वाक्यं पूर्ण होती, कारण अपूर्ण वाक्याला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर पट्टीच्या धारेनं बोटांच्या पेरांवर मारत असत. नुसतं "पाणी" म्हटलं तर पाणी मिळत नसे. "मदर, मला पाणी हवं आहे" म्हणेपर्यंत एक मुलगी एकदा चक्कर येऊन पडली होती. ती पडल्यावर मदर म्हणाल्या, "निदान हिनं सुरुवात तरी नीट केली होती." मी त्या शाळेत अकरा वर्षं काढली. त्याचा उलगडा पुढे होईल.

केंद्रात हार नव्हते, खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. एक पडदा होता आणि त्याच्यासमोर दोन माणसं गुन्हेगारासारखी उभी होती. एक 'घाई', म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. मी तिचं ते नाव ठेवलं होतं, कारण ती प्रश्न संपायच्या आत उत्तर देई. आता ती केंद्राची प्रमुख आहे. केस पिकलेत, घाई तशीच आहे. दुसरा तारवाला. तो तुम्ही पाहिलेला आहे. तुमच्या भावाबरोबर पेटी बसवायला आला होता आणि जिन्याच्या खालच्या पायरीला डोकं आपटून घेतलं होतं. (अजून खूण आहे. तो ती लोकांना भूकंपाची म्हणून दाखवतो.) मी म्हटलं, "कार्यक्रम कुठे आहे?" दोघं एकमेकांकडे बघायला लागली. घाई म्हणाली, "बाई, कार्यक्रम नाहीये. एक ओळ आहे. तुमची परवानगी हवी होती."

ती ओळ त्यांनी पडद्यावर मोठी करून दाखवली. पेट्यांच्या आत जो प्रोग्राम चालतो त्यातली. ओळीवर शेरा होता, "बाईंना विचारल्याशिवाय हात लावू नये." मी तो लिहिलेला नाही. शेजारी तारीख होती, तीवरून कळलं, तो तुमच्या भावानं लिहिला आहे, आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तो टोमणा होता वन्सं. एका नवऱ्यानं बायकोला मारलेला साधा टोमणा. आणि त्याच्यानंतर आलेल्या सगळ्या विद्वानांनी तो कायदा समजून वीस वर्षं पाळला.

मी घाईला म्हटलं, "अगं, मी जाऊन अकरा वर्षं झाली. बदलायचं होतं तर बदलायचं."

"भीती वाटायची, बाई."

"कुणाची?"

"तुमची."

"मी घरी होते!"

"तुम्ही घरी होता, पण ओळ इथेच होती ना," असं ती म्हणाली, आणि तारवाला जोरजोरात मान हलवायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा थांबला.

त्या ओळीत काय आहे ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. तुमची पेटी जमिनीची हालचाल सेकंदाला शंभर वेळा मोजते आणि ते आकडे एका पाकिटात भरत जाते. पाकीट भरलं की केंद्राकडे पाठवते. ओळ एवढंच म्हणते, की पाकीट पूर्ण भरल्याशिवाय पाठवायचं नाही. हा नियम माझा. आता जो तो त्याला 'चूक' म्हणतो, म्हणून मी स्पष्ट लिहिते की तो त्या काळी चूक नव्हता. तेव्हा आमची लाइन एवढी अरुंद होती की चाळीस पेट्यांनी अर्धवट पाकिटं पाठवायला सुरुवात केली आणि सगळी वाटेत अडकली. एका दुपारभर केंद्राला कुठूनही अक्षर आलं नाही. मी नियम केला, लाइन मोकळी झाली, संचालकांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. तुमच्या भावाचं म्हणणं होतं की लाइन रुंद झाली की नियम काढून टाकायचा. लाइन रुंद झाली. मी नियम काढला नाही. त्यावरून ते भांडण. तो म्हणायचा, "अगं, अर्धी बातमी ही पण बातमीच." मी म्हणायची, "अर्धी बातमी म्हणजे अफवा." तो म्हणायचा, "ठीक आहे, वाढ." (चाळीस वर्षांत मी त्याला 'अहो' म्हणाले नाही, ते तुम्हाला कधी रुचलं नाही, माहीत आहे. पण त्यानं मला कधी आवाज चढवून उत्तर दिलं नाही, तेही तुम्हाला माहीत आहे.)

यात आणखी एक मेख आहे, आणि ती नेमकी तुमच्या घरात आहे. तुमचं घर गल्लीच्या टोकाला. ना रस्ता, ना गिरणी, ना वर्दळ. शांत जमिनीचे आकडे बारके असतात. बारके आकडे पाकिटात जास्त मावतात, म्हणून पाकीट भरायला वेळ जास्त लागतो. हमरस्त्याशेजारची पेटी ट्रकांच्या धडधडीनं दोन-अडीच सेकंदांत पाकीट भरून मोकळी होते. तुमची पेटी आमच्या सगळ्या पेट्यांत उत्तम, आणि तिला लागतात सात. जी सगळ्यांत बारीक ऐकते, तीच सगळ्यांत उशिरा सांगते. घाईनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "ही घरमालकिणीवर गेली आहे." कुणी हसलं नाही. घाई तुम्हाला ओळखत नव्हती म्हणून, आणि तारवाला ओळखत होता म्हणून.

मी अर्थातच लगेच परवानगी दिली नाही. मी म्हटलं, सिद्ध करा. मग माझी जी शोभा झाली ती तुम्ही पाहायला हवी होती. तळघरात एक चाचणीची पेटी आहे. तिच्याजवळ कुणी उडी मारली की ती वरच्या पडद्यावर किती सेकंदांनी दिसते ते मोजायचं. तारवाल्याचा गुडघा गेलेला, घाईला वर पडद्यासमोर बसायचं होतं. राहिलं कोण? मी, मोत्यांच्या कुड्या घालून. तारवाला कानाला फोन लावून म्हणाला, "बाई, मी तीन म्हटलं की मारा." मी विचारलं, "तीन म्हणताना, की तीन म्हणून झाल्यावर?" त्याला घाम फुटला. शेवटी ठरलं, म्हणून झाल्यावर. मी उडी मारली. तारवाला फोनमध्ये ओरडला, "आल्या का बाई?" वरून घाई, "नाही आल्या!" "आता?" "नाही!" "अजून नाही? इथून तर गेल्यात!" मी तिथेच उभी होते, वन्सं, आणि ही दोघं माझ्याबद्दल मी हरवल्यासारखी बोलत होती. मग वरून आरोळी आली, "आल्या, आल्या! दोनदा आल्या!" म्हणजे माझे दोन पाय वेगवेगळे टेकले. मी तीन उड्या मारल्या. प्रत्येक वेळी मी पाच सेकंदांनी पोचले. तिसऱ्या उडीनंतर मला जरा दम लागला, तर तारवाल्यानं स्टूल आणलं, पाणी आणलं, फाईलनं वारा घातला. मी त्याला म्हटलं, दम लागला म्हणजे माणूस जिवंत आहे, फाईल खाली ठेव.

तिथे बसल्या बसल्या त्यानं मला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही कळायला हवी. तुमचा भाऊ दर वर्षी पेटी तपासायला तुमच्याकडे यायचा, आठवतं? आणि दर वर्षी तिथलं पाकीट गुपचूप लहान करून यायचा. मला दुसऱ्याच दिवशी कळायचं. ज्यानं बिघडवलं त्यानंच जाऊन पूर्ववत करायचं, असा माझा दंडक, म्हणून मी रागानं त्याला पुन्हा तुमच्याकडे पिटाळायची. मी निवृत्त होईपर्यंत, नऊ वर्षं हे चाललं. मला वाटायचं, हा माणूस किती हट्टी. तारवाला म्हणाला, "बाई, साहेब मुद्दाम करायचे. वर्षात दोन खेपा मिळायच्या ना ताईंकडे. मला म्हणायचे, आपलं काम एकच, बाईंना राग आणायचा." मी पाणी संपवलं. दुसरं काय करणार?

मग आम्ही वर गेलो आणि घाईनं मला तो दिवस दाखवला. दोन महिन्यांपूर्वी सकाळी साडेदहाला तुमच्याकडे जो धक्का बसला, तो. तुमच्या भिंतीवरचं घड्याळ पडलं म्हणे. (हेही शिंपीणबाई. त्यांना रागावू नका.) भूकंपात दोन लाटा येतात. पहिली हलकी आणि चपळ, ती काही मोडत नाही, नुसती चाहूल देते. मागून येते ती जड, मोडतोड करणारी. आमचं सगळं दुकान या दोघींच्या मधल्या सेकंदांवर चालतं. त्या दिवशी पहिली लाट सगळ्यांच्या आधी तुमच्या जिन्याखाली पोचली. खालच्या खोऱ्यात बाटल्यांचा कारखाना आहे, तिथे जड लाट पोचायला नऊ सेकंद होते. भोंगा वाजला की तिथली यंत्रं दोन सेकंदांत आपोआप थांबतात, अशी सोय आहे. भोंगा वाजला तेव्हा जड लाट तिथे पोचून तीन सेकंद झाले होते. उजेडासमोर बाटल्या धरून तडे तपासणारी एक बाई होती, तिच्या उजव्या हातावरून फुटक्या काचांची रास गेली. जिवाला धोका नाही. दोन बोटं आता वळत नाहीत.

घाईनं सगळ्या पेट्यांच्या रेषा पडद्यावर एकीखाली एक लावल्या आणि तो दिवस सेकंदासेकंदानं पुढे सरकवला. सगळ्यांत वर तुमची पेटी. तिथे रेष जराशी थरथरली. चाहूल लागली होती. घाईनं पेन टेकवून दाखवलं, "बाई, इथे तिला कळलं." मग एक सेकंद गेला. दोन. तीन. रेष थरथरतेच आहे आणि पाकीट भरायचंच आहे. चार. पाच. मी विचारलं, "आता ती काय करते आहे?" घाई म्हणाली, "काही नाही बाई. वाट बघते आहे." केंद्राला हिशेब करून भोंगा वाजवायला पुढे आणखी पाच सेकंद लागतात, आणि सातव्या सेकंदाला कुठे पाकीट निघालं. पूर्ण भरलेलं, एकही आकडा कमी नाही.

मी तिला म्हटलं, पुन्हा दाखव. तिनं दाखवलं. मी म्हटलं, अजून एकदा. तिसऱ्यांदा तारवाला खोलीबाहेर गेला.

वन्सं, एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. मंगळवारी संध्याकाळी तुमचा भाऊ शुद्धीवर होता. नीट बोलत होता. नर्सनं चुकीची उशी दिली म्हणून कुरकुरलाही. मग त्यानं मला विचारलं, "ताईला कळवलंस?" मी म्हटलं, "रिपोर्ट येऊ दे, मग सगळं नीट कळवते." त्यानं उशी मानेखाली सरकवली. मला वाटलं, आता म्हणेल, अगं, अर्धी बातमी ही पण बातमीच. तो म्हणाला, "ठीक आहे." बुधवारी तो दोन वाजून पन्नास मिनिटांनी गेला. रिपोर्ट साडेतीनला आला. तीन पानं होती, सगळे रकाने व्यवस्थित भरलेले, खाली सही आणि शिक्का. मग मी तुम्हाला फोन केला आणि पूर्ण वाक्यात सांगितलं.

चौदा महिने मी स्वतःला सांगत होते की मी तुम्हाला काळजीतून वाचवलं. तुम्हाला वाचवलं नव्हतं. मला ते वाक्य बोलायचं नव्हतं. 'तो आजारी आहे, पुढचं मला माहीत नाही,' असं वाक्य मला येतच नव्हतं. शाळेत शिकवलं नाही, पुढे मी शिकले नाही, आणि ज्याला ते येत होतं त्याच्याशी मी वीस वर्षं वाद घातला.

तर मी घाईला परवानगी दिली. ती म्हणाली, "बाई, अर्ध्या सेकंदाचं करते. कधी कधी पाकीट जवळजवळ रिकामं जाईल, चालेल?" मी म्हटलं, "जाऊ दे." ती म्हणाली, "लेखी द्याल?" बघा हं, हे मीच शिकवलेलं. तिनं मजकूर लिहिला, मी सही दिली, आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या तिच्या दोन चुका सुधारल्या. मग मी तळघरात जाऊन चौथी उडी मारली. तारवाल्याचं "तीन" आणि वरून आलेलं "आल्या!" फोनमध्ये एकमेकांवर आदळले. तारवाला रडायला लागला आणि म्हणाला, साहेब असते तर. मी त्याला म्हटलं, वाक्य पूर्ण कर. नंतर म्हटलं, नको करूस, कळलं.

आता कामाचं. केंद्राच्या सगळ्या पेट्या बदलून झाल्या, एक तुमची राहिली आहे. तुमची पेटी जुन्या घडणीची असल्यामुळे झाकण उघडून आतून बदलावी लागते. तेव्हा येत्या शनिवारी तारवाल्याला आत येऊ द्यावं, अशी केंद्राच्या वतीनं विनंती आहे. काम पाऊण तासाचं आहे. तो एकटा आला तर तुम्ही त्याला खिडकीतूनच वाटेला लावाल, म्हणून देखरेखीसाठी मीही येणार आहे. मला बसायला सांगायची गरज नाही. मी जिन्याखाली उभी राहीन.

गुडघ्यांना जपा. पायऱ्या उतरताना डावा पाय आधी.

तुमची (तुम्ही मानत असाल तर),
धाकटी भावजय

ता.क. बरण्या आधीच हलवून ठेवल्यात तर बरं. मांजरालाही सांगून ठेवा.

ता.क. दुसरा. मी वर जे लिहिलं की पेटी आतून बदलावी लागते, ते खरं नाही. तिचा पासवर्ड कुणाला माहीत नव्हता म्हणून माणूस पाठवत होते. मला तो तिसऱ्या प्रयत्नात सापडला. तुमच्या भावानं तुमचं लहानपणीचं, तुम्हाला मुळीच न आवडणारं नाव टाकलं होतं. ते आता सगळ्या केंद्राला माहीत झालं आहे, त्याबद्दल क्षमा करा. तुमची पेटी गेल्या गुरुवारी इथूनच बदलून झाली. एक खोकला यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. म्हणजे शनिवारी तारवाल्याचं तुमच्याकडे काही काम नाही, माझंही नाही. खोटं बोलायला कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत, त्यामुळे ते एका पानाहून जास्त टिकवता आलं नाही.

ता.क. तिसरा. त्या उड्यांनंतरचा दम गेलाच नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवलं. छातीचा फोटो काढला. त्यात डाव्या बाजूला सावली दिसते. कसली ते मला माहीत नाही, त्यांनाही अजून माहीत नाही. मंगळवारी सकाळी अकराला आणखी एक तपासणी आहे, तिचा रिपोर्ट आठ दिवसांनी येईल. काहीच नसेल, किंवा असेलही. घाबरायचं की नाही हेसुद्धा मला सांगता येत नाही. दवाखान्याच्या फॉर्मवर 'सोबत येणाऱ्या नातेवाइकाचं नाव' असा रकाना होता. मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव लिहिलं. शाईनं लिहिलं आहे.